बोटं दिसली पाहिजेत

पॅरिसला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मेट्रोची ९ नंबरची लाइन संपते तिथे उतरून पूल ओलांडून सेव्रच्या पोर्सेलिन म्युझियममध्ये गेले, आणि तिथले वाद्यं वाजवणाऱ्यांचे पांढरे, रंग नसलेले छोटे पुतळे बघून मी अक्षरशः खिळून उभी राहिले. बिस्क्वी म्हणतात याला, म्हणजे भाजलेली पण ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा चकचकीत थर, न दिलेली पोर्सेलिन (चिनीमाती). १७५२ च्या आसपास पॅरिसजवळच्या व्हँसेनच्या पोर्सेलिन कारखान्यात बाशलिए या चित्रकाराने हे सुरू केलं, मग १७५६ मध्ये कारखाना सेव्रला आला.

ग्लेझ का नको तर ती वितळून बारीक खाचा भरून टाकते, बोटं एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात. आणि वाजवणाऱ्याची बोटंच दिसली नाहीत तर राहिलं काय? पण ग्लेझ आणि रंग नाही म्हणजे काही लपवताही येत नाही, भट्टीत पडलेली चीर किंवा डाग असेल तर तो तसाच दिसणार.

मला सगळ्यात आवडतो म्युझेतवाला. म्युझेत म्हणजे छोटा बॅगपाइप, पण हवा तोंडाने नाही, काखेतल्या भात्याने भरायची, त्यामुळे गाल फुगत नाहीत आणि चेहरा मोकळा राहतो, शिल्पकाराला अजून काय पाहिजे! त्या काळचा चित्रकार बूशे, त्याच्या चित्रांवरून असे कितीतरी मेंढपाळ घडवले, कोणी बासरी शिकवतोय, कोणी व्हिएलचं, म्हणजे चाक फिरवून वाजवायच्या तंतुवाद्याचं, चाक फिरवतेय. हे खरे खेडूत नाहीतच, दरबाराच्या कल्पनेतले आहेत, तेव्हा म्युझेत बडी मंडळीही हौसेने वाजवायची, हस्तिदंत आणि रेशीम लावून. तरी मला ते खोटे वाटत नाहीत.

घेताना मात्र जपून, कारण एकोणिसाव्या शतकातल्या नकला भरपूर आहेत. जुनी सॉफ्ट पेस्ट, म्हणजे केओलिन नसलेली पोर्सेलिन, थोडी सायीच्या रंगाची असते, आणि फ्रान्समधल्या लिमोजजवळ १७६८ मध्ये केओलिन ही पांढरी माती सापडल्यावर जी हार्ड पेस्ट आली ती जास्त पांढरी, जरा थंड वाटते. नुसत्या कारखान्याच्या खुणेवर अजिबात जाऊ नका, बऱ्याच खऱ्या तुकड्यांवर ती नसतेच. कुठे एखादा एफ कोरलेला असतो, तो सेव्रच्या शिल्पविभागाचा प्रमुख असलेल्या फाल्कोनेच्या काळाचा, १७५७ ते १७६६.

माझ्याकडे आत्ता तीन आहेत. गेल्या वर्षी लिलावात घेतलेल्या म्युझेतवाल्याच्या डाव्या हाताची करंगळी तुटलीये, म्हणूनच तो मला परवडला. दुरुस्त करून घे असं दोघातिघांनी सांगितलं पण नवीन करंगळी मला नकोय, बाकीची बोटं अजून भोकांवर बरोब्बर बसलीत. रविवारी मऊ ब्रशने त्याच्या बाहीच्या चुण्यांतली धूळ काढते, ओलं फडकं मात्र लावत नाही.