डी अँड आर कॅनॉल लॉग: ट्रेंटन ते न्यू ब्रन्सविक, एका दिवसात

मंडळी, झालं एकदाचं! काल रविवारी न्यू जर्सीतल्या डी अँड आर (डेलावेअर अँड रॅरिटन) कॅनॉलची मेन लाइन, आज जेवढी सायकलने जाता येते तेवढी सगळी, एका दिवसात पूर्ण केली. ट्रेंटन स्टेशन ते न्यू ब्रन्सविक स्टेशन, मीटरवर ३७.२ मैल म्हणजे साठ किलोमीटर, मूव्हिंग टाइम (थांबे सोडून) ३ तास ४० मिनिटं, आणि घरातून निघून घरी परत येईपर्यंत कारच्या किल्लीला हात लावला नाही. एप्रिलमध्ये हा लॉग सुरू केला तेव्हा ॲक्वेडक्टपासून (कॅनॉल नदीवरून नेणारा पूल) रॉकी हिल आणि परत, जेमतेम आठ मैल, एवढ्यात डावा गुडघा बोलायला लागला होता. त्यामुळे काल रात्री झोपच लागली नाही आनंदाने.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगते. डेलावेअर अँड रॅरिटन कॅनॉल १८३० ते १८३४ मध्ये खणला, बॉर्डनटाउन ते न्यू ब्रन्सविक ४४ मैल, शिवाय डेलावेअर नदीचं पाणी आणणारा २२ मैलांचा फीडर वेगळा. खणणारे बहुतेक आयरिश मजूर, कुदळ-फावड्याने, आणि १८३२ च्या कॉलऱ्यात त्यातले कितीतरी गेले, काठावरच पुरले. पेनसिल्व्हेनियातला दगडी कोळसा न्यूयॉर्ककडे न्यायचा हे मुख्य काम. १९३२ ला वाहतूक बंद झाली, १९७४ ला स्टेट पार्क झालं. पण पाणी अजून वाहतंय आणि मध्य जर्सीत लाखो लोकांच्या नळाला येतंय. मी नीरा डाव्या कालव्याच्या काठची, आमच्याकडे कॅनॉलला पाणी सुटलं की अख्ख्या गावाचा दिवस बदलायचा, त्यामुळे वाहत्या कॅनॉलच्या कडेने सायकल चालवताना मला जे वाटतं ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांना सांगायची गरज नाही.

टोपाथ म्हणजे खेचरं बोटी ओढत चालायची ती वाट. आता त्यावर बारीक दगडी चुरी दाबून बसवलीय. गाडी नाही, हॉर्न नाही, फक्त अधूनमधून एखादा रस्ता आडवा येतो तिथे उतरून बघून जायचं. आणि चढ जवळजवळ नाहीच! फीडरचं पाणी ट्रेंटनला मेन कॅनॉलमध्ये येतं म्हणजे सगळ्यात उंच पातळी तिथे, तिथून न्यू ब्रन्सविकपर्यंत कॅनॉल लॉकलॉकने (लॉक म्हणजे बोटी एका पातळीवरून दुसरीवर नेणारे, दारं असलेले दगडी हौद) खाली उतरत जातो. म्हणून सगळ्यांना सांगते, पहिल्यांदा पूर्ण करणार असाल तर ट्रेंटनहूनच निघा. प्रत्येक लॉकपाशी वाट छोट्या उतारावरून पुढच्या पातळीवर येते, सायकल आपोआप पळते, आणि शेजारी जुन्या दगडी लॉकमधून पाणी धबाधबा पडत असतं.

जाण्यायेण्याचं म्हणाल तर शनिवार-रविवारी, सुट्ट्यांचे काही दिवस सोडून, एनजे ट्रान्झिटच्या (न्यू जर्सीची सरकारी रेल्वे-बस सेवा) गाडीत सायकल नेता येते. मी प्रिन्स्टन जंक्शनहून सकाळची ट्रेंटन गाडी धरली. संध्याकाळी न्यू ब्रन्सविकहून परत जंक्शन आणि तिथून घर. ट्रेंटन शहरातला पहिला तुकडा मात्र मनाला लागतो, कारण तिथे कॅनॉलच दिसत नाही, त्याच्यावरून रूट वनचा फ्रीवे गेलाय. न्यू ब्रन्सविककडचं टोकही असंच रूट १८ खाली गाडलं गेलं, म्हणून आपला टोपाथ लँडिंग लेनच्या पुलाशी संपतो. एवढ्या लोकांनी हातांनी खणलेली गोष्ट दोन्ही टोकांना हायवेखाली आहे याचं मला खरंच वाईट वाटतं.

लॉरेन्सव्हिल, पोर्ट मर्सर पटकन गेलं, सावली चांगली आहे एवढंच. खरी मजा प्रिन्स्टनला ॲलेक्झांडर रोड ओलांडला की. डाव्या हाताला कार्नेगी लेक (१९०६ चा, अँड्र्यू कार्नेगीने युनिव्हर्सिटीच्या वल्हवणाऱ्या पोरांसाठी मिलस्टोन नदी अडवून केलेला), उजव्या हाताला कॅनॉल, आणि मध्ये आपली अरुंद वाट. दोन्हीकडे पाणी, लेकवरून आठ वल्ह्यांची बोट सपासप जातेय, कॅनॉलमध्ये पडलेल्या ओंडक्यावर सात-आठ कासवं मान वर करून ओळीने बसलेली. मी जवळ गेले की एकेक टुपकन पाण्यात, शेवटचं एक मात्र हललं नाही. जूनमध्ये याच पट्ट्यात एक मोठी स्नॅपिंग टर्टल वाटेच्या कडेला चुरी उकरून अंडी घालत बसली होती, मी आणि दोन धावणाऱ्या बायका दहा मिनिटं लांब थांबून राहिलो आणि मागून येणाऱ्या सायकलींना हाताने हळू करत होतो. तेव्हा तुतीचा सीझनही होता, चुरीवर सगळीकडे जांभळे डाग, हाताला लागेल तेवढी तुती खाल्ली.

मग ॲक्वेडक्ट. इथे कॅनॉल नदीच्या वरून जातो, खाली मिलस्टोन आणि वर पाण्याने भरलेला कॅनॉल! घरापासून सगळ्यात जवळची जागा ही, मेपलटन रोडने पंधरा-वीस मिनिटं, पण अजून दर वेळी थांबते.

किंग्स्टनला जेवण, लॉक टेंडरच्या (लॉक चालवणाऱ्याच्या) जुन्या घराजवळ. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, एक केळं. जवळच १७९८ चा दगडी पूल आहे, त्यावर कोरलेलं आहे की फिलाडेल्फिया ४५ मैल, न्यूयॉर्क ५० मैल. याच्या आधीचा पूल अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात वॉशिंग्टनच्या सैन्याने ३ जानेवारी १७७७ ला प्रिन्स्टनची लढाई जिंकून पुढे जाताना मोडला, इंग्रज मागे येऊ नयेत म्हणून, आणि मग वॉशिंग्टनचं सैन्य डावीकडे वळून मिलस्टोनच्या खोऱ्यातून निघून गेलं. आता बघा, आपण किंग्स्टनहून पुढे जातो ते हेच खोरं, हीच नदी! थंडीत, रात्रभर चाललेली, लढून दमलेली माणसं इथून गेली आणि आपण दशमी खाऊन निवांत जातोय. रॉकी हिलजवळ रॉकिंगहॅमचं घर आहे, १७८३ मध्ये अमेरिकेची काँग्रेस (संसद) प्रिन्स्टनला भरत होती तेव्हा वॉशिंग्टन तिथे राहिला आणि सैन्याला निरोपाचा आदेश तिथूनच लिहिला. घर तेच पण जागा बदललीय, खाणीमुळे ते उचलून हलवावं लागलं. वेळ काढून जाच.

ग्रिग्जटाउनला खेचरं हाकणाऱ्यांची जुनी बराक आणि ब्रिज टेंडरचं घर अजून आहे. पूर्वी इथले पूल फिरवून बाजूला करायचे, बोट आली की पूलवाला बाहेर यायचा. मला कॅनॉलचा हा भाग सगळ्यात आवडतो, शेतं, जुनी लाकडी घरं, आणि वाटेत मैलाचे खांब, त्यावर कॅनॉलच्या दोन्ही टोकांपर्यंतची अंतरं, त्या दोन आकड्यांची बेरीज ४४. मी प्रत्येकाची बेरीज करून बघते.

आता पंक्चर. ब्लॅकवेल्स मिल्सच्या अर्धा मैल अलीकडे मागचं चाक बसलं. रानटी गुलाबाचा काटा, टायरमध्ये आरपार. स्पेअर ट्यूब काढली तर वॉल्व्ह आखूड, माझ्या रिममधून बाहेरच येईना. दुकानात मी रिम दाखवून मागितली होती तरी चुकीची दिली, आणि मीही घरी एकदा बसवून बघायला हवं होतं. राग आला, पण पॅच किट होतं. भोक सापडेना म्हणून काठावर गुडघे टेकून ट्यूब कॅनॉलच्या पाण्यात धरली, थोडी थोडी फिरवत गेले, आणि बुडबुड्यांची एक बारीक माळ वर आली. आमच्या स्टँडसमोरचा पंक्चरवाला घमेल्यात ट्यूब दाबायचा तेव्हा शाळेतून येता येता आम्ही हेच बघत उभे राहायचो. पुसली, घासली, सोल्युशन लावून पाच मिनिटं नीट वाळू दिलं (घाई करू नका, तिथेच पॅच सुटतो), आणि तो पॅच घरापर्यंत टिकला.

या वाटेला कोणते टायर आणि किती हवा, असं विचारलं होतं काहींनी. एप्रिलमध्ये मी २५ मिमीचे, ९० पीएसआय हवेच्या दाबावर चालवत होते, हात बधिर व्हायचे आणि मऊ चुरीत पुढचं चाक सरकायचं. मे महिन्यात ३२ घातले, मागे ५५, पुढे ५०, आणि सगळं बदललं. माझं वजन ६१ किलो आहे, त्या हिशोबाने बघा. पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस जाऊ नका, चुरीचा लगदा होतो आणि चेनमध्ये बसतो, शिवाय ओल्या वाटेला चाकोऱ्या पडतात. २०२१ च्या आयडा वादळात मिलस्टोन इथे वाटेवर चढली होती, त्यामुळे मोठ्या पावसानंतर पार्कची सूचना बघूनच निघा. घंटी लावा, चालणाऱ्यांना आधी जाऊ द्या.

ईस्ट मिलस्टोननंतर पाय जड झाले, बाउंड ब्रूकजवळ रेल्वे आणि नदी जवळ येतात तिथे तर मैल संपेचनात. पाणी कमी पडलं, पुढच्या वेळी तीन बाटल्या. शेवटच्या पाच मैलांत मात्र वारा पडला, उजवीकडे कॅनॉल अगदी स्थिर, डावीकडे झाडांतून रॅरिटन दिसतेय, एक निळा बगळा माझ्यापुढे पन्नास-पन्नास फूट उडत जाऊन बसायचा, मी आले की परत पुढे, असं चार वेळा केलं त्याने. लँडिंग लेनला ४:५० ला पोचले. नवऱ्याला फोन केला, तो म्हणाला न्यायला येऊ का, मी म्हटलं नाही, ५:३० ची गाडी आहे.

पुढचा टप्पा फीडर. ट्रेंटनहून लॅम्बर्टव्हिल, बुल्स आयलंड करत फ्रेंचटाउन, लॅम्बर्टव्हिलच्या पुढे ती वाट जुन्या रेल्वेलाइनवरून जाते. परत येताना स्कडर फॉल्सच्या नव्या पुलावरच्या सायकल-वाटेने पेनसिल्व्हेनियात जाऊन तिकडचा डेलावेअर कॅनॉलही थोडा बघायचाय. लांब वॉल्व्हच्या दोन ट्यूब आज आणल्या आणि दोन्ही रिममध्ये घालून बघितल्या. पुढच्या शनिवारी कोणी येणार असेल तर सकाळी आठला ट्रेंटन स्टेशनबाहेर भेटू, दशम्या मी जास्तीच्या आणते.