पुणे मॅप, सिटीज: स्कायलाइन्स: नदी वाहती झाली, पेठा तुंबल्या

सिटीज: स्कायलाइन्स या शहर बांधायच्या गेममध्ये पुणे उभं करतोय. या पुणे मॅपचं काम स्कायलाइन्सच्या पहिल्या भागातच चालू आहे आणि तिथेच पूर्ण होईल. दुसरा भाग २४ ऑक्टोबर २०२३ ला आला, पण बाहेर बनवलेली इमारत त्यात आणायची अधिकृत सोय पुढची दोन वर्षं तरी नव्हती. वाड्यांशिवाय कसबा पेठ उभी करण्यात अर्थ नाही. पहिल्या भागात वाडे, चाळी, बैठी दुकानं स्वतः बनवून टाकता येतात.

उंचीनकाशा, म्हणजे जमिनीची उंची करड्या छटांत मांडणारं चित्र, आता पक्का आहे. मॅपची बाजू १७.२८ किलोमीटर आणि फाइल १०८१ बाय १०८१ पिक्सेलची, १६ बिट ग्रेस्केल पीएनजी. म्हणजे एका पिक्सेलला १६ मीटर. शनिवारवाडा मधोमध धरला की चारी बाजूंना ८.६४ किलोमीटर मिळतात. हडपसर, कात्रज, बाणेर, लोहगावचा विमानतळ आत येतात. पिंपरी आणि हिंजवडी बाहेर राहतात, खडकवासला धरण नैर्ऋत्य कोपऱ्यात थोडक्यात हुकतं. मूळ डेटा एसआरटीएमचा (अवकाशयानातून रडारने मोजलेल्या उंचीचा), ३० मीटरचा, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये १६ मीटरवर आणलेला. गेममध्ये ० ते १०२४ मीटर उंची ६५,५३५ पायऱ्यांत बसते, म्हणजे एक मीटर म्हणजे ६४ पायऱ्या. मुळा-मुठेच्या संगमाजवळचं पात्र साधारण ५४० मीटरवर आहे, म्हणून सगळीकडून ५०० मीटर वजा केले. यात एक खाच आहे: गेमच्या मॅप एडिटरची समुद्रपातळी मुळात ४० मीटर असते. ती शून्यावर आणली नाही, तर संगमापासून बंडगार्डनपर्यंत नुसतं तळं साचतं. डाव्या बाजूच्या वाहतुकीची खूणही सुरुवातीलाच करायची. नंतर मॉडशिवाय (खेळाडूंनी बनवलेल्या जोडण्यांशिवाय) बदलता येत नाही.

नदीनं सगळ्यात जास्त त्रास दिला. एसआरटीएममध्ये पूल, झाडं, काठच्या इमारती सगळ्यांची उंची मिसळलेली असते. मुठेचं पात्र जेमतेम पाच-सहा पिक्सेल रुंद, त्यात असा एखादा उंचवटा आला की पाणी मागे साचून डेक्कनच्या बाजूला पसरतं. उपाय असा: क्यूजीआयएसमध्ये नदीची मध्यरेषा काढायची, त्या रेषेवर पात्र चार-पाच मीटर खोल कोरायचं आणि उताराला कुठेही उलट चढ राहू द्यायचा नाही. पाण्याचे स्रोत तीन: नैर्ऋत्येला मुठा, वायव्येला मुळा, उत्तरेकडून पवना. तिन्हींची क्षमता कमीच ठेवून सुरू करा आणि वेग तिसऱ्यावर टाकून पाणी पूर्व कडेपर्यंत जाऊ द्या. आधीच क्षमता वाढवली तर पहिली लाट काठ ओलांडते आणि ते पाणी खोलगट भागांत अडकून बसतं.

भिडे पूल कोरड्या पात्रातच बांधायचा. पाणी असताना रस्ता ओढला की गेम उंची पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजतो, आणि बुडणारा पूल उंच पूल होऊन बसतो. कोरड्यात बांधून नोड (रस्त्याचे सांधे) मूव्ह इट या मॉडने खाली घेतले, मग मुठेचा स्रोत वाढवला, की डेक्कनकडची बाजू आणि नारायण पेठ यांच्यातला तो दुवा पाण्याखाली जातो. खडकवासल्यातून विसर्ग वाढल्यावर पुणेकर जे बघतात, तेच.

आता पेठा. झोनिंगची, म्हणजे राहती की व्यापारी जागा हे ठरवायची, चौकट ८ बाय ८ मीटर, रस्त्याच्या दोन्ही अंगांना चार-चार चौकटी. साधा दुपदरी रस्ता १६ मीटरचा, म्हणून बोळांसाठी नेटवर्क एक्स्टेन्शन्स २ या मॉडमधला एका चौकटीचा रस्ता घेतला. दोन रस्त्यांच्या चौकटी एकमेकींवर आल्या की आधी बांधलेल्या रस्त्याला जागा मिळते. त्यामुळे क्रम महत्त्वाचा: आधी लक्ष्मी रोड, मग शिवाजी रोड आणि बाजीराव रोडची एकेरी जोडी, बोळ शेवटी. क्रम उलटला तर लक्ष्मी रोडवरच्या दुकानांची तोंडं बोळांकडे वळतात.

खाली दुकान, वर बिऱ्हाड ही पेठेतली नेहमीची इमारत या गेमला मान्य नाही. इमारत राहती असते किंवा व्यापारी. (दुसऱ्या भागात मिश्र झोन आहे, आणि ती त्याची खरी जमेची बाजू.) तोडगा म्हणून बैठं दुकान राहत्या इमारतीच्या तळमजल्यात सरकवावं लागतं, म्हणजे एका वाड्याला दोन इमारती खर्ची पडतात. संपूर्ण मॅपला मर्यादा ४९,१५२ इमारतींची, त्यामुळे ही पद्धत फक्त कसबा, शनिवार, सदाशिव, नारायण आणि बुधवार पेठेपुरती ठेवली आहे.

वाहतूक मुद्दाम कठीण करून बघितली. मूळ गेम अडकलेली गाडी थोड्या वेळाने गायब करतो आणि माणूस गाडी जणू खिशातून काढतो, म्हणून कोंडी आणि पार्किंग हे दोन्ही प्रश्न झाकले जातात. ट्रॅफिक मॅनेजर: प्रेसिडेंट एडिशन या मॉडमध्ये गायब होणं बंद केलं, पार्किंग एआय चालू केलं, आणि सदाशिव पेठेत गाड्या जागा शोधत फिरायला लागल्या. वळणाआधी सगळे एकाच पदरात रांग लावतात, कारण मार्ग आणि पदर निघतानाच ठरतो. त्याच मॉडमधलं प्रगत वाहन एआय चालू केल्यावर पदर वाटेत बदलतात आणि रांग निम्म्यावर येते. दुचाकीला मात्र उत्तर नाही. स्कूटरचं मॉडेल टाकता येतं, लांबी कमी ठेवली तर रांगेत जास्त मावतात, पण प्रत्येक स्कूटर अख्खा पदर अडवते. शिवाय एकूण वाहनांची कमाल मर्यादा १६,३८४. दुचाकी शेजारून पुढे सरकत नसेल तर ते पुण्याचं ट्रॅफिक नव्हे.

या प्रकारच्या गेमची पीछेहाट का झाली, ते इथेच दिसतं. लोकांना शहरं बांधायचा कंटाळा आलेला नाही. २००३ च्या सिमसिटी ४ मध्ये सर्वांत मोठं शहर ४ किलोमीटर बाजूचं होतं आणि शेजारची शहरं जोडून प्रदेश व्हायचा. वाहतूक आकडेमोडीने ठरायची, रस्त्यावरच्या गाड्या तिचं चित्र दाखवायच्या. मार्च २०१३ च्या सिमसिटीने प्रत्येक माणूस स्वतंत्र चालवायचं ठरवलं आणि शहराची बाजू २ किलोमीटरवर आली. एवढं करून ती माणसं संध्याकाळी रोजच्या घरी जात नव्हती, सापडेल त्या रिकाम्या घरात शिरत होती. त्यात इंटरनेटची सक्ती. ती उठायला वर्ष गेलं. मार्च २०१५ मध्ये सिमसिटी बनवणाऱ्या मॅक्सिसचा एमरिव्हिलचा स्टुडिओ बंद झाला आणि त्याच महिन्याच्या १० तारखेला स्कायलाइन्स आला. तो तगला तो मॉडमुळे. स्कायलाइन्सच्या दुसऱ्या भागाने पुन्हा प्रत्येक नागरिकाच्या हिशेबावर भर दिला, वेग गमावला आणि मॉडचं दार उशिरा उघडलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो मूळ स्टुडिओ कोलोसल ऑर्डरकडून फिनलंडच्याच आइसफ्लेक स्टुडिओकडे सोपवत असल्याची घोषणा झाली.

आमचं मत स्पष्ट आहे: पुढचा चांगला गेम खालून आकडेवारीवर चालेल आणि नजरेसमोरच्या रस्त्यापुरतीच माणसं जिवंत करेल. वाचलेली ताकद मिश्र इमारती, पदपथ आणि दुचाकी यांवर लागली पाहिजे. दुसरी वाट वर्कर्स अँड रिसोर्सेस: सोव्हिएत रिपब्लिक या गेमने दाखवली आहे. तिथे रस्ता करायला खडी आणि डांबर खरोखर वाहून न्यावं लागतं, आणि शहर लहान असूनही खेळ खोल जातो. मूळ सिमसिटीचा कोड २००८ पासून मायक्रोपोलिस या नावाने खुला आहे. आकडेवारीचा पाया समजून घ्यायचा असेल तर तो जरूर वाचावा.

पुढचा टप्पा मेट्रोचा. वनाज ते रामवाडी पूर्ण उन्नत आहे, त्यासाठी सनसेट हार्बर हा गेमचा विस्तार (डीएलसी) लागेल. स्वारगेटची मार्गिका सिव्हिल कोर्टानंतर मुठेखालून कसबा पेठेकडे जाते. बोगद्याची खोली जमिनीपासून मोजली जाते, म्हणून तो ओढल्यावर पात्राला हात लावता येणार नाही. संगमाच्या वरच्या वळणावर अजून दोन ठिकाणी उतार उलटा आहे. तो आधी दुरुस्त होईल, मगच बोगदा.