हृदयाची तपासणी आणि जुने डिस्चार्ज कार्ड

माझ्या थोरल्या बहिणीची अमरावतीला अँजिओप्लास्टी झाली तेव्हा ती 58 वर्षांची होती. तिच्या छातीत कळ आलीच नव्हती; जबडा आणि पाठीचा वरचा भाग दुखत होता, मळमळत होते, दरदरून घाम फुटला होता, आणि जवळच्या एका डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या देऊन तिला घरी पाठवले होते. हृदयविकाराच्या झटक्यात स्त्रियांनाही बहुधा छातीतच दुखते, पण धाप लागणे, मळमळणे, विलक्षण थकवा येणे, जबडा किंवा पाठ दुखणे ही लक्षणे त्यांच्यात पुरुषांपेक्षा अधिक आढळतात. ताईला घरी सोडताना तिथल्या हृदयरोगतज्ज्ञांनी बजावले, की आईला किंवा सख्ख्या बहिणीला 65 वर्षांच्या आत आणि वडिलांना किंवा भावाला 55 च्या आत हा आजार झाला, तर तो घराण्यातला अकाली हृदयविकार धरतात. तेव्हा धाकट्या बहिणीनेही एकदा तपासून घ्यावे. धाकटी बहीण म्हणजे मी. मला तक्रार कसलीच नव्हती, तरी मी इथे नागपुरात धंतोलीतल्या एका हृदयरोगतज्ज्ञांची वेळ घेतली.

ईसीजी काढतील आणि मोकळे करतील, या समजुतीने मी गेले होते. प्रत्यक्षात पहिल्या भेटीचा बराचसा वेळ प्रश्नोत्तरांत गेला. पाळी कधी थांबली, चाळिशीच्या आत तर नाही ना, बाळंतपणात रक्तदाब वाढला होता का, साखर निघाली होती का, बाळ दिवसांआधी जन्मले का, असे डॉक्टर विचारत गेले. तंबाखूबद्दल विचारताना त्यांनी खर्रा आणि गुडाखू यांची नावे घेऊन विचारले, कारण नुसते ‘व्यसन आहे का’ म्हटले की बायका हटकून नाही म्हणतात, असा त्यांचा अनुभव. कंबर मोजताना सहायक बाईंनी टेप साडीच्या निऱ्यांपाशी न धरता शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध धरली, आणि पोट आत ओढू नका असे दोनदा सांगितले. भारतीय स्त्रियांसाठी ही मर्यादा 80 सेंटिमीटर मानतात; माझा आकडा तिच्या पुढे होता.

बाळंतपणाच्या प्रश्नाला मी ‘सगळे ठीक होते’ असे उत्तर दिले होते. घरी आल्यावर सहज विषय निघाला, तर सासूबाई म्हणाल्या, “अगं, शेवटच्या महिन्यात पाय केवढे सुजले होते तुझे! अळणी जेवायला देत होतो आपण.” मग कपाटावरची फाइल काढली. त्यात 2001 सालचे, घड्यांवर फाटलेले डिस्चार्ज कार्ड सापडले आणि त्यावर रक्तदाब 150/100, लघवीत प्रथिने आणि प्री-एक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा आजार, अशी स्पष्ट नोंद होती. बाळंतपणानंतर दाब उतरला आणि तो कागद कोणालाच लागला नाही. परंतु ज्या स्त्रीला प्री-एक्लॅम्प्सिया होऊन गेला तिला पुढील आयुष्यात उच्च रक्तदाब, हृदयविकार आणि पक्षाघात यांचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो, आणि गरोदरपणातल्या मधुमेहाचेही तसेच आहे. अमेरिकेत 2018 साली निघालेल्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शक सूचनांत प्री-एक्लॅम्प्सिया, चाळिशीआधी थांबलेली पाळी आणि दक्षिण आशियाई वंश, हे तिन्ही धोका वाढवणारे घटक म्हणून नोंदलेले आहेत. एवढी महत्त्वाची नोंद प्रसूतिगृहाच्या दारातच थांबते आणि फॅमिली डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाही, हे मला आजही खटकते.

रक्ताच्या तपासण्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी, 5.9 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, एलडीएल हे वाईट कोलेस्टेरॉल 142, आणि स्त्रियांमध्ये 50 च्या वर असावे असे एचडीएल हे चांगले कोलेस्टेरॉल 41. मला नवीन होती ती लायपोप्रोटीन (ए) या रक्तातल्या कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणाची तपासणी. हे प्रमाण बहुतांशी आनुवंशिक असते आणि पथ्य-व्यायामाने फारसे हलत नाही, म्हणून ते सहसा आयुष्यात एकदाच मोजतात. डेसिलिटरमागे 50 मिलिग्रॅमच्या वर ते वाढलेले समजतात आणि माझे तसेच निघाले.

विश्रांतीतला ईसीजी अगदी व्यवस्थित आला. मात्र रक्तवाहिन्यांत अडथळे असतानाही तो असा येऊ शकतो, हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगून ठेवले. टीएमटीसाठी, म्हणजे सरकत्या पट्ट्यावर चालताना काढायच्या ईसीजीसाठी, सैल कुर्ता आणि बूट घालून बोलावले होते. पट्ट्याचा वेग आणि चढ दर 3 मिनिटांनी वाढतो. वेगापेक्षा चढच दमवतो. अहवालावर ‘बॉर्डरलाइन’ असा शेरा आला. स्त्रियांमध्ये या चाचणीत नसलेला दोष दिसण्याचे प्रमाण अधिक असते, त्यामुळे तेवढ्यावरून निदान करायचे नाही आणि तेवढ्यावरून दुर्लक्षही करायचे नाही, असे म्हणून डॉक्टरांनी सीटी कोरोनरी अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांची सीटी स्कॅनवरची चित्रे, सुचवली. त्याआधी मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन पाहिले आणि नाडीचे ठोके कमी व्हावेत म्हणून गोळी दिली. चित्रात रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून औषध सोडतात; ते सोडताच घशापासून ओटीपोटापर्यंत ऊब पसरते आणि लघवी झाल्यासारखे वाटते. तंत्रज्ञ मुलीने हे आधीच सांगितले होते म्हणून बरे, नाही तर मी घाबरून हलले असते आणि चित्रे बिघडली असती. रामदासपेठ-धंतोलीतला हा खर्च सर्वांना झेपणारा नाही; शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालयातही हृदयरोग विभाग आहे, हे इथे नमूद करते.

मोठा अडथळा कुठेही नव्हता, पण डाव्या बाजूच्या मुख्य धमनीत चरबीचा पातळ थर दिसला. घरच्यांनी ‘सुटलो’ म्हटले. डॉक्टरांनी तसे म्हटले नाही. अडथळा नसलेल्या थरातूनही झटका येऊ शकतो, आणि स्त्रियांमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचा दोष अँजिओग्राफीत दिसतही नाही, म्हणून धाप किंवा जबड्याचे दुखणे कधी जाणवले तर ‘रिपोर्ट चांगला होता’ या भरवशावर थांबायचे नाही, 108 ला फोन करायचा.

त्यांनी रात्री कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची एक गोळी सुरू केली. रक्तदाब घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून लिहायला सांगितला: पाठ टेकून, 5 मिनिटे शांत बसून, बाही वर करून, दंड हृदयाच्या पातळीत ठेवून. घरच्या नोंदींची सरासरी 135/85 च्या आत हवी; माझी जेमतेम आत होती, म्हणून मीठ कमी केले आणि दाबाची गोळी तूर्त टळली. लोणचे आणि पापड सुटणे मला तर्रीपोहे सुटण्यापेक्षा जड गेले. अंबाझरीला सकाळी फिरायला जाते, पण मे महिन्यात सहाच्या पुढे ऊन सोसवत नाही, तेव्हा तेवढे दिवस घरातच चालते.

पुढच्या तपासणीत एलडीएल 78 वर आले. लायपोप्रोटीन (ए) पुन्हा करायचे नाही. मात्र ते वारशाने येत असल्यामुळे पुण्यात शिकणारी माझी मुलगी दिवाळीला घरी आली की तिची ही तपासणी करायची आहे, आणि 2001 सालच्या त्या कार्डाची एक प्रत आता माझ्या फॅमिली डॉक्टरांच्या फाइलला लावलेली आहे.