सीमेपलीकडे चांदी स्वस्त मिळते का?

मंडळाच्या गणपतीत, कुणाकडे जेवायला गेल्यावर किंवा पुण्याहून आलेल्या पाहुण्यांसमोर हा प्रश्न ठरलेला असतो: "तुम्ही म्हणे अमेरिकेतल्या सॅन दिएगोहून मेक्सिकोतल्या तिहुआनाला नाणी शोधायला जाता. तिकडे चांदी स्वस्त मिळते का हो?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

नाही मिळत. चांदीचा भाव सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे एकच असतो, आणि तो विकणाऱ्याच्या मोबाइलवर असतो. मेक्सिकोचं चलन पेसो. १९५१ ते ५४ मधलं, स्वातंत्र्यलढ्याचा नेता हिदाल्गो याचं चित्र असलेलं पाच पेसोचं मोठं नाणं घ्या. वजन २७.७८ ग्रॅम, चांदी ७२ टक्के, म्हणजे शुद्ध चांदी २० ग्रॅम. हा हिशेब तिथल्या प्रत्येक सोनाराला तोंडपाठ आहे. मोडीच्या भावाखाली तो ते नाणं देणार नाही, आणि का द्यावं? 'सेन्तेनारिओ' या पन्नास पेसोच्या सोन्याच्या नाण्याचंही तसंच. त्यात साडेसदतीस ग्रॅम शुद्ध सोनं असतं आणि त्याचा भाव तिथे घरोघरी माहीत असतो. १९८२ पासून निघणारं 'लिबेर्ताद' हे चांदीचं नाणं सुंदर असतं, पण ते अमेरिकेतल्या कुठल्याही बऱ्या दुकानात मिळतं. गुंतवणूक करायची असेल तर रांगेत उभं राहून सीमा ओलांडायचं काहीच कारण नाही.

मी जाते ती साध्या एक पेसोच्या नाण्यांसाठी. लोकांनी खिशात वागवलेली, झिजलेली, बहुतेक वेळा चिल्लरच्या डब्यात पडलेली नाणी. ती सालवार एका ओळीत मांडली की एका देशाचं चलन शंभर वर्षांत कसं उतरत गेलं ते तळहातावर दिसतं. मला एवढा स्पष्ट इतिहास दुसऱ्या कुठल्याच वस्तूत सापडलेला नाही.

ओळीच्या सुरुवातीला 'काबायितो', म्हणजे छोटा घोडा. मेक्सिकोच्या स्पेनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाला शंभर वर्षं झाली म्हणून १९१० साली हा पेसो निघाला. घोड्यावर बसलेली स्वातंत्र्यदेवता, हातात मशाल, मागे सूर्याची किरणं. रेखाटन शार्ल पिये या फ्रेंच कलाकाराचं. वजन २७ ग्रॅमहून किंचित जास्त आणि त्यात जवळजवळ साडेचोवीस ग्रॅम शुद्ध चांदी. त्याच वर्षी मेक्सिकोत क्रांती पेटली. पुढे पहिल्या महायुद्धात चांदी इतकी महागली की नाणं चालवण्यापेक्षा वितळवणं फायद्याचं ठरू लागलं, म्हणून १९१८ चा पेसो १८ ग्रॅम वजनावर आला. १९२० साली तो आणखी हलका झाला आणि शुद्ध चांदी १२ ग्रॅम उरली. हा पेसो १९४५ पर्यंत टिकला. त्याच्यावर ०.७२० असा शुद्धतेचा आकडा छापलेला असतो. नाण्याने आपली शुद्धता स्वतः सांगावी, ही गोष्ट मला फार आवडते.

मग उतार वाढतो. १९४७ च्या पेसोत ७ ग्रॅम चांदी, १९५० च्या पेसोत ४, १९५७ च्या पेसोत १.६. या तिन्हींवर मोरेलोस आहे, डोक्याला रुमाल बांधलेला, १८१५ साली गोळ्या घालून मारलेला क्रांतिकारक पाद्री. १९५७ चं नाणं १६ ग्रॅमचं, म्हणजे १९५० च्या नाण्याहून जड, पण चांदी फक्त दहा टक्के, बाकी तांबं, निकेल आणि जस्त. झिजलेला नमुना उन्हात धरलात तर मोरेलोसच्या गालावर आणि रुमालाच्या गाठीवर पिवळट-तपकिरी छटा दिसते. १९२० चं नाणं कितीही झिजलं तरी असं दिसत नाही, ते पांढरंच राहतं. दोन्ही शेजारी ठेवली की कुणाला समजावून सांगावं लागत नाही. १९७० मध्ये तांबं-निकेल आलं, चांदी शून्य. १९८४ मध्ये स्टेनलेस स्टील. १९५४ पासून १९७६ पर्यंत डॉलरला साडेबारा पेसो हा दर होता, तो १९९२ पर्यंत तीन हजारांवर गेला. १९८८ मध्ये हजार पेसोचं नाणं निघालं, त्यावर सोर हुआना ही सतराव्या शतकातली कवयित्री-संन्यासिनी. १९९३ साली तीन शून्यं काढून टाकली आणि ते हजार म्हणजे एक नवा पेसो ठरला.

आपल्याकडे बंदा रुपया १९४० साली अर्ध्या चांदीचा झाला आणि १९४७ मध्ये थेट निकेलचा. आपला उतार दोन पायऱ्यांचा, मेक्सिकोचा अर्ध्या शतकाहून लांब. त्यामुळे तिथली प्रत्येक पायरी वेगळी हातात घेता येते.

हे सगळं इंटरनेटवरही विकत मिळतं, हा पुढचा प्रश्न. मिळतं. पण तिथे नाणी आधीच निवडलेली, पुसलेली, पाकिटात घातलेली असतात. तिहुआनात 'सोब्रेरुएदास' नावाचे आठवडी बाजार भरतात, आज या वस्तीत, उद्या त्या. पुण्याचा जुना बाजार डोळ्यांसमोर आणा: भाजी, कपडे, गंजलेले पाने, मोबाइलची आवरणं आणि मध्येच कुणाच्या तरी चादरीवर कॉफीच्या डब्यात नाणी. पर्यटकांच्या आवेनिदा रेव्होलुसिओन या रस्त्यावर जे मिळत नाही ते इथे मिळतं, कारण इथला डबा कुणाच्या तरी घरातून आलेला असतो.

अशाच एका चादरीवर एक वयस्क बाई बसतात. मी त्यांना सेन्योरा म्हणते, त्या मला 'मिहा', म्हणजे पोरी, म्हणतात. मी डबा रिकामा करून वर्गवारी करत बसले तरी त्यांची हरकत नसते. एकदा मी वीस सेन्ताव्होचं (सेन्ताव्हो म्हणजे पेसोचा शंभरावा भाग) एक ब्राँझचं नाणं बाजूला काढलं. मोठं, दहा ग्रॅमचं, त्यावर तेओतिहुआकान या मेक्सिकोतल्या प्राचीन शहराचा सूर्य-पिरॅमिड, पुढे निवडुंग, मागे ज्वालामुखी. या नमुन्यावरच्या पिरॅमिडच्या पायऱ्या पार गुळगुळीत झाल्या होत्या, निवडुंग मात्र काटा न् काटा शाबूत. सेन्योरांनी ते माझ्या हातातून घेतलं, अंगठ्याने चोळलं आणि लहानपणी याला गोड पाव मिळायचा असं सांगितलं. कुठल्या दुकानात, दुकानदार कसा खडूस होता, आईने एकदा नाणं रुमालाच्या टोकाला कसं बांधून दिलं होतं, सगळं सांगितलं. मग त्यांनीच डब्यातून होसेफाची पाच सेन्ताव्होची नाणी शोधून दिली. होसेफा ओर्तिस दे दोमिन्गेस, स्वातंत्र्याचा कट फुटल्याचा निरोप बंडखोरांपर्यंत पोहोचवणारी बाई. ही माहिती मला पुस्तकात मिळाली असती, पाव आणि रुमाल मिळाले नसते. बाजारभावाने या नाण्यांना फारशी किंमत नाही आणि मला त्याचं काही वाटत नाही.

आता सावधगिरीचं बोलते. तिथे सगळ्यात जास्त नकली मिळतं ते पेसोच्या आधीच्या जुन्या चलनातलं आठ रेआलेसचं चांदीचं नाणं: एका बाजूला साप धरलेला गरुड, दुसरीकडे स्वातंत्र्याची टोपी आणि किरणं. एकोणिसाव्या शतकातलं हे नाणं साऱ्या जगात चाललं, म्हणून त्याच्या नकलाही साऱ्या जगात झाल्या. खिशात छोटा डिजिटल काटा आणि लोहचुंबक ठेवा. वजन २७ ग्रॅमच्या आसपास हवं, झीज धरून थोडं कमी चालेल, पण २२ भरलं तर नाणं खाली ठेवा. चुंबकाला चिकटलं तर प्रश्नच मिटला. कडेवरची नक्षी पाहा. मधोमध शिवण दिसली तर ते साच्यात ओतलेलं आहे. नाण्याला कडी जोडल्याच्या जुन्या खुणा पाहा, कारण खूप नाणी दागिन्यात घातलेली असतात. काटा काढल्यावर रागावणाऱ्या विक्रेत्याकडून मी काही घेत नाही.

आठ रेआलेसचं नाणं मुळात त्याही आधीच्या स्पॅनिश राजवटीतलं, आणि त्याचा आपल्याशी जुना संबंध आहे. मेक्सिकोची टांकसाळ १५३५ ची, अमेरिका खंडातली सगळ्यात जुनी. तिथली आणि आजच्या बोलिव्हियातल्या पोटोसीच्या खाणींची चांदी युरोपियन जहाजांतून सुरतेला उतरायची. मुघल मुलखात परकं नाणं चालत नसे, म्हणून ती टांकसाळीत वितळून तिचे रुपये पाडले जायचे. शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० मध्ये सुरत लुटली ती या चांदीवर गबर झालेली पेठ होती. आठ रेआलेसचं नाणं हातात घेतलं की मला हे दर वेळी आठवतं, आणि मंडळातल्या मुलांना दाखवताना मी सुरुवातच इथून करते.

जायचं ठरवलंत तर थोडक्यात: सॅन दिएगोच्या ट्रॉली या लोकल गाडीच्या ब्लू लाइनने सीमेवरच्या सॅन इसिद्रोपर्यंत या आणि पायी ओलांडा. भारतीय पासपोर्ट असला तरी अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. व्हिसाचा शिक्का संपलेला असेल तर परतीचे नियम वकिलाला विचारूनच निघा. छोटे पेसो जवळ ठेवा, डॉलर दाखवलेत की भाव चढतो. घासाघीस करा, पण वीस पेसोच्या वस्तूवर नको. परत येताना अधिकाऱ्याने विचारलं तर नाणी आणली आहेत असं सरळ सांगा. रविवारी संध्याकाळी परतीची रांग तासन्‌तास हलत नाही, त्यामुळे सकाळी लवकर जा आणि जेवणाच्या वेळेआधी परतीला लागा.