आमचं मे महिन्यातलं शिबिर आणि बोंडूचा रुमाल

मे महिना जवळ आला की वास्कोत अंगाची काहिली होते आणि आमच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो, शिबिर कधी? आमची मंडळी तशी छोटी, मराठी बोलणारी ख्रिस्ती घरं, कोणी नगरकडचे, कोणी मिरज-कोल्हापूरचे, कोणाचे वडील नाहीतर आजोबा बंदरात, शिपयार्डात कामाला आले आणि इथलेच झाले. पोरं शाळेत इंग्लिश बोलतात, गल्लीत कोकणी आणि हिंदी, रात्रीची प्रार्थना मात्र मराठीत. शेजारची कॅथलिक मुलं दोतोर्नीला, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला जातात, आमची संडे स्कूलला, आणि आमच्या घरातल्या म्हाताऱ्या अजून शब्बाथशाळाच म्हणतात. मी ह्या संडे स्कूलमध्ये १७ वर्षं शिकवतेय त्यामुळे मी जे लिहीन ते प्रेमानेच लिहीन, आधीच सांगते.

ह्या संडे स्कूलचं शिबिर तीन दिवसांचं. पहिल्या दिवशीची प्रार्थना, स्वागत, फुलं, अहवाल हे सगळीकडे असतं तसंच, ते सोडून देते.

मला लिहायचंय ते सरांच्या रुमालाबद्दल. सर बंदरातून रिटायर झालेले, आवाज बारीक, माइक कधी घेत नाहीत. पहिल्या दिवशी सकाळी ते मुलांना गोल बसवतात, खिशातून नवाकोरा पांढरा रुमाल काढतात आणि त्यावर काजूचा एक पिकलेला बोंडू पिळतात. मग सगळ्यांसमोर नळाखाली तो धुतात. रुमाल स्वच्छ दिसतो. विचारतात, डाग दिसतो का रे? मुलं ओरडतात, नाही! मग रुमाल खिडकीत दोरीवर वाळत घालतात आणि पुढे एक शब्द बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी कडेने पिवळट दिसायला लागतं आणि तिसऱ्या दिवशी चांगला तपकिरी डाग. गोव्यातल्या पोराला हे वेगळं शिकवावं लागत नाही, बोंडू खाऊन शर्ट खराब केल्याबद्दल प्रत्येकाने घरी बोलणी खाल्लेली असतात. तेव्हा सर म्हणतात, बाळांनो, खोटं बोललात त्या दिवशी काहीच दिसत नाही, आई जेवायला वाढते, सगळं तसंच असतं. बस एवढंच. आणि मग बायबलमधलं यशया १:१८, पातकं लाखेसारखी लाल असली तरी बर्फासारखी पांढरी होतील, ते वचन सगळे मिळून म्हणतात. मी इतक्या वेळा पाहिलंय तरी "बर्फासारखी" म्हणताना माझा आवाज दरवेळी अडकतो.

सर मुलांना नरकाची भीती घालत नाहीत हे मला फार आवडतं. भीतीने मूल गप्प होतं, चांगलं होत नाही, हे मी माझ्या वर्गात बघितलंय.

दुसऱ्या दिवशी लिंबू-चमचा. हा खेळ नुसता मजेसाठी नाही ठेवलेला. शर्यत झाली की ज्यांचं लिंबू पडलं त्यांना विचारायचं, पडायच्या आधी कुठे बघत होतास? बहुतेकांचं उत्तर एकच, शेजारच्याकडे. मग पेत्राची गोष्ट, मत्तय १४ मधली, पाण्यावर येशूकडे बघत चालला तोवर चालला आणि वाऱ्याकडे बघितलं तसा बुडायला लागला. मोठ्या वर्गाला, म्हणजे नववी-दहावीवाल्यांना, योसेफ शिकवतो. तो मोहासमोर वाद घालत उभा राहिला नाही, वस्त्र धन्याच्या बायकोच्या हातात राहिलं तरी पळाला. त्यावर एका मुलीने विचारलं, टीचर मोबाइलपासून कसं पळायचं, आणि मग तासभर तेच चाललं, शेवटी मुलांनीच ठरवलं की रात्री फोन आईबाबांच्या खोलीत ठेवायचा. किती जणांनी पाळलं ते त्यांना आणि देवाला माहीत, पण ठरवलं त्यांनी.

मुलांना मराठीत प्रार्थना करायची लाज वाटते हे दिसलं तेव्हा पाळकसाहेबांनी एकदा थॉमस स्टीफन्स सांगितले. हे इंग्लंडचे फादर १५७९ ला गोव्यात आले, इथली भाषा शिकले आणि १०,००० हून जास्त ओव्यांचं ख्रिस्तपुराण मराठीत लिहिलं, ते १६१६ ला राशोलला छापलं, आपल्या ह्याच झुआरीच्या काठावर. मुलं एकदम शांत. त्या वर्षी वचनं म्हणताना आवाज मोठे होते.

आणि शेवटची संध्याकाळ म्हणजे साक्षी, सगळ्यांसमोर आपलं मन मोकळं करायचं. ज्याला वाटेल त्याने उभं राहायचं, जबरदस्ती नाही. एका वर्षीची साक्ष मी विसरू शकत नाही. वचन पाठ केलं की कार्डावर सोनेरी तारा चिकटवतो आम्ही, सगळ्यात जास्त तारे त्याला बक्षीस. सातवीतल्या एका मुलाला बक्षीस मिळालं, निळी कंपासपेटी, टाळ्या झाल्या, फोटो झाला. साक्षी सुरू झाल्यावर तो उठला आणि कंपासपेटी टेबलावर ठेवून म्हणाला, टीचर पाच तारे मी तुमच्या डब्यातून घेऊन चिकटवले. हॉलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा. त्या वर्षीचं सुवर्णवचन नीतिसूत्रे २८:१३ होतं, दोष झाकणाऱ्याचं बरं होत नाही, कबूल करून सोडून देणाऱ्यावर दया होते, आणि ते त्याने खरोखर पाठ केलं होतं. डबा मी उघडा ठेवला होता, ती चूक माझी. पाळकसाहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. त्याची आई मात्र दुखावली, दोन रविवार आली नाही, मी घरी गेले, चहा झाला, दोघी रडलो. पेटी कपाटात ठेवली आणि पुढच्या वर्षी तीच पेटी त्याने पूर्ण तारे कमावून घेतली.

एक गोष्ट मनात आहे ती बोलते. बक्षिसांना हॉल भरलेला असतो आणि साक्षी सुरू झाल्या की अर्धे पालक उठतात, कोणाला कदंबची बस गाठायची, कोणाला सकाळी ड्युटी. अहो तुमचीच मुलं बोलतात, अर्धा तास थांबा. मडगाव-फोंड्याहून येणारी दोन कुटुंबं थांबतात, इथल्या सड्यावरून येणाऱ्यांना जमत नाही, असं कसं? २०२० आणि २०२१ ला शिबिर झालं नाही, झूमवर वचनं घेतली, तेव्हा हेच पालक म्हणत होते मुलांना एकत्र आणा.

आता आभार, कोणी राहिलं तर रागावू नका. सकाळी सहाला पाव देऊन जाणारा पोदेर, पातळभाजी करणाऱ्या तिन्ही मावश्या, ज्यांनी गॅस संपल्यावर शेजारच्या कॅथलिक आंटीकडून सिलिंडर आणला आणि त्या आंटी सुद्धा, पेटी वाजवणारे काका, तबल्यावरचा त्यांचा नातू, ना. वा. टिळकांची भजनं बसवणाऱ्या पाळकबाई, मांगोर हिलच्या मुलांना दोन फेऱ्या करून आणणारे रिक्षावाले भाऊ, बॅनर फुकट छापून देणारे, आजारी मुलीला दवाखान्यात नेणाऱ्या नर्सताई, हॉल झाडणारे दोघे, आणि चपला ओळीत लावणारी ती छोटी, तिला कोणी सांगितलंही नव्हतं. पाणी भरणारे दादा राहिलेच बघा, ते सुद्धा.

बोंडू आणायचं काम आता त्या कंपासपेटीवाल्या मुलाकडे आहे. तो कॉलेजात गेलाय, सांग्याला मामाकडे काजू आहेत, शिबिराच्या आदल्या दिवशी पिशवी घेऊन येतो आणि सरांना विचारतो, लाल चालेल का पिवळा?