मे महिन्यातली दुपार कुठे घालवायची?

एप्रिल अर्धा सरला की ठाण्यात पंखा चालू असूनही अंगाचा घाम वाळत नाही. पारा पस्तिशीच्या आसपासच असतो, पण खाडीवरून येणाऱ्या दमट हवेमुळे रात्रीही झोप लागत नाही. मग मुलांची परीक्षा संपण्याआधीच घरात थंड हवेच्या ठिकाणांची नावे निघू लागतात. आमच्या घरी सहा माणसे आहेत. आम्ही दोघे, अकरा आणि सहा वर्षांची दोन मुले, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माझ्या सासूबाई आणि रक्तदाबाची गोळी चालू असलेले माझे वडील. या सहाही जणांना एकाच घरात चार दिवस सुखाने राहता यावे, हा प्रश्न मला कोणते डोंगर बघायचे या प्रश्नापेक्षा पुष्कळ मोठा वाटतो, आणि असे वाटण्यामागे एक अनुभव आहे.

चार वर्षांपूर्वी आम्ही महाबळेश्वरला गेलो होतो. हॉटेल छायाचित्रे पाहून ठरवले होते. खिडकीतून थेट दरी दिसत होती, आणि सूर्यास्त खोलीतूनच दिसतो असे खास सांगण्यात आले होते. ते खरेही होते. मात्र खोल्या उताराच्या खालच्या अंगाला होत्या आणि जेवणघर वर, रस्त्याच्या पातळीवर होते. मध्ये अडुसष्ट दगडी पायऱ्या होत्या आणि त्यांना कठडा नव्हता. पहिल्या दिवशी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, कशाबशा दोनदा वर-खाली आल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांचे ताट आम्ही खोलीत नेऊ लागलो. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या, ‘तुम्ही सगळे फिरून या, मी इथेच बसते.’ आम्ही परतलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. पत्र्याच्या छताखालच्या त्या पश्चिममुखी खोलीत त्या पदराने वारा घेत बसल्या होत्या. ज्यांना उकाड्यातून सोडवण्यासाठी आम्ही अडीचशे किलोमीटर आलो, त्यांनाच आम्ही दिवसभर उकाड्यात बसवले होते. ती गोष्ट माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

त्यानंतर मी निवासाची निवड दुपारपासून सुरू करू लागले. मे महिन्यात डोंगरावरही सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेत लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन कुठेही फिरता येत नाही. पॉइंट पाहायचे ते सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर. म्हणजे जागेपणीचे पाच-सहा तास आपण राहत्या जागेतच काढतो, आणि तरीही जागा ठरवताना आपण पाहतो ते सकाळचे धुके आणि संध्याकाळचा सूर्यास्त. मेच्या मध्यास आपल्याकडे सूर्य माध्यान्ही अगदी डोक्यावर येतो. ठाण्यात आणि सातारा जिल्ह्यात याच दिवसांत भरदुपारी उभ्या वस्तूची सावली क्षणभर नाहीशी होते. त्यामुळे बारा वाजता खोली तापते ती छतातून, आणि दोननंतर तापते ती पश्चिमेच्या भिंतीतून आणि खिडकीतून. सूर्यास्त दिसणारी खोली म्हणजे पश्चिममुखी खोली, आणि तिच्यासाठी आपण जास्त भाडे मोजतो ते दुपारभर तापण्यासाठीच, हे मला त्या सहलीत कळले. आता मी पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे तोंड असलेली खोली मागते. शक्यतो कौलारू किंवा वर आणखी एक मजला असलेली, आणि समोर झाड असेल तर फारच चांगले. सूर्यास्त बाहेर जाऊन सगळ्यांच्या बरोबरीने पाहता येतो.

उंचीचाही हिशेब करावा लागतो. समुद्रसपाटीपासून हजार मीटर वर गेले की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. ठाणे जवळजवळ समुद्रसपाटीवर आहे. माथेरान सुमारे आठशे मीटरवर आहे, म्हणजे पाच अंशांचा फरक. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आणि पाचगणी त्याहून थोडी खाली, म्हणजे आठ ते नऊ अंशांचा. हा नुसता अंदाज आहे, कारण दरी, झाडी आणि वारा यांनी एकाच गावात दोन ठिकाणी दोन हवा होतात. तरीही रात्री पंखा बंद करून चादर ओढावी लागेल की नाही, हे या हिशेबावरून बरेचसे कळते.

ठाणेकरांना माथेरान आपलेसे वाटते आणि ते योग्यच आहे. १८५० साली ते डोंगरमाथे इंग्रजांच्या नजरेत आणले ते ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी. ठाणे स्थानकावर कर्जत लोकल पकडली की नेरळपर्यंत गाडी बदलावी लागत नाही. १९०७ पासून नेरळहून वर जाणारी दोन फुटी रुळांची गाडी हे मुलांचे सर्वांत मोठे आकर्षण आहे. माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्यामुळे मुले रस्त्यावर मोकळी सोडता येतात, आणि असे सुख दुसऱ्या कुठल्याही गिरिस्थानात मिळत नाही. पण नेमक्या याच गुणामुळे निवासाची जागा तिथे फार जपून निवडावी लागते. मोटार दस्तुरी नाक्यावर सोडायची आणि बाजारपेठेपर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर चालत, घोड्यावरून किंवा जवळच्या अमन लॉज स्थानकावरून सुटणाऱ्या शटल गाडीने जायचे. २०२२च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने ई-रिक्षा सुरू झाल्या, पण त्या मोजक्याच आहेत आणि सुट्टीच्या गर्दीत त्यांच्यावर विसंबून आजींना घेऊन जाणे मला धोक्याचे वाटते. शटल गाडीने माथेरान स्थानकावर उतरले की बाजार समोरच आहे, पण अनेक जुने बंगले आणि त्यांत चालणारी हॉटेले तिथूनही लाल मातीच्या चढउताराने आत, झाडीत आहेत. राज्य पर्यटन महामंडळाचे निवासस्थान दस्तुरीजवळ आहे. तिथे सामान घेऊन चालावे लागत नाही, पण मग बाजार, शार्लोट तलाव आणि बहुतेक पॉइंट लांब पडतात.

माथेरानच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. झाडांची सावली तिथे इतकी दाट आहे की हवा पाचच अंशांनी थंड असली तरी दुपार सुसह्य होते. जुन्या बंगल्यांच्या रुंद व्हरांड्यात मेमधली दुपार जांभळे आणि करवंदे खात घालवता येते. अनेक हॉटेलांच्या भाड्यात दोन्ही वेळचे जेवण धरलेले असते, त्यामुळे उन्हात जेवणासाठी बाहेर पडावे लागत नाही. माकडे मात्र धीट आहेत. खिडकीला जाळी आहे का, हे तिथे आधी विचारावे.

महाबळेश्वरमध्ये कुठे राहायचे, हा एक प्रश्न नसून चार प्रश्न आहेत. माल्कम पेठेत म्हणजे मुख्य बाजारात राहिले तर वाहन न काढता संध्याकाळ निघते, औषधाचे दुकान जवळ असते आणि आजोबांना एकट्याने चक्कर मारून येता येते. पण मेमध्ये रात्री उशिरापर्यंत गजबज असते आणि गाडी लावायला जागा मिळत नाही. वेण्णा तलावाच्या बाजूला राहिले तर संध्याकाळी त्याच रस्त्यावर वाहनांच्या रांगा लागतात आणि दोन किलोमीटरसाठी तास मोडतो. क्षेत्र महाबळेश्वरकडे, म्हणजे कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांच्या उगमाच्या पंचगंगा मंदिराच्या अंगाला, शांतता अधिक आहे आणि पहाटे देवळात जाता येते. मेटगुताड, अवकाळी ही गावे पाचगणीच्या वाटेवर आहेत आणि तिथे शेतातली घरगुती निवासस्थाने मिळतात. आमच्यासारख्या कुटुंबासाठी मला हाच पट्टा सर्वांत योग्य वाटतो.

पाण्याविषयी लोक विचारत नाहीत याचे मला आश्चर्य वाटते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यामुळे तिथे पाण्याची कमतरता असेल असे मनातही येत नाही. पण तो जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो आणि तीव्र उतारांवरून खाली कृष्णा-कोयनेच्या धरणांकडे वाहून जातो. मे उजाडेपर्यंत माथ्यावरचे अनेक झरे आटलेले असतात. म्हणून नळाला पाणी ठरावीक वेळेला येते की दिवसभर, साठवणीची टाकी केवढी आहे आणि टँकर लागतो का, हे मी स्पष्टपणे विचारते. खरे उत्तर देणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसतो. ‘पाणी सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी, बाकी वेळ बादल्या भरून ठेवतो’ असे कोणी सांगितले, तर आम्ही तसे वागतो आणि कुणाचेच बिनसत नाही.

फोनवरचा माझा पहिला प्रश्न मात्र पायऱ्यांचा असतो. गाडी जिथे थांबते तिथून पलंगापर्यंत किती पायऱ्या आहेत? ‘ताई, फार नाहीत,’ हे उत्तर मी आता स्वीकारत नाही. गेल्या वर्षी भिलारच्या बाजूच्या एका घरमालकाला मी हाच प्रश्न विचारला, तेव्हा ते ‘थांबा, मोजून सांगतो’ म्हणाले आणि फोन कानाला लावूनच चालत गेले. ‘गाडीपासून सोप्यापर्यंत चार, सोप्यातून आत एक उंबरा. चार पायऱ्यांना एका बाजूने पाइप लावलाय, आमची आईपण त्यालाच धरून चढते.’ या एका वाक्यातून मला हॉटेलच्या वीस छायाचित्रांपेक्षा जास्त कळले. न्हाणीघरात कमोड आहे का, त्याशेजारी धरायला काही आहे का, पलंग किती उंच आहे, रात्री वीज गेली तर न्हाणीघरापर्यंत उजेड असतो का, अळणी वरणभात मिळेल का, हे पुढचे प्रश्न. त्यांनी एकदाही कंटाळा दाखवला नाही.

भिलार निवडण्यामागे आणखी एक कारण होते. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या मधले हे गाव स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध आहे, आणि मे २०१७पासून राज्य शासनाच्या उपक्रमातून ते पुस्तकांचे गाव झाले आहे. गावातल्या घरांत, देवळांत आणि शाळांत मराठी पुस्तकांची दालने आहेत, एका घरात बालसाहित्य, दुसऱ्यात इतिहास, तिसऱ्यात कविता. तिथे बसून कुणीही पैसे न देता वाचू शकतो. मला ज्या अकरा ते चारची काळजी होती, तिचे उत्तर तिथे आयते मिळाले. सकाळी पाचगणीच्या टेबललँड पठारावर वारा पडण्याआधी जाऊन यायचे, अकराला परतायचे, जेवायचे आणि मग ज्याला झोपायचे त्याने झोपायचे, ज्याला वाचायचे त्याने दोन घरे ओलांडून पुस्तकांच्या खोलीत जायचे. वडिलांनी तीन दुपारी तिथेच काढल्या. धाकटी मुलगी घरमालकांच्या नातीबरोबर फणसाच्या सावलीत खेळत राहिली. आई सोप्यात बसून घरातल्या आजींशी बोलत राहिल्या आणि चौथ्या दिवशी सकाळी त्या चार पायऱ्या उतरून एकट्याच फाटकापर्यंत जाऊन आल्या.

पाचगणीच्या जवळ राहण्याचे इतरही फायदे आहेत. पाचगणीला पाऊस महाबळेश्वरच्या मानाने पुष्कळ कमी पडतो आणि हवा कोरडी आहे. त्याच हवेसाठी एकेकाळी क्षयरोग्यांना तिथे पाठवत असत, आणि तेव्हाच्या आरोग्यधामातून वाढलेले बेल-एअर रुग्णालय आजही आहे. रक्तदाबाचा माणूस सोबत असताना रुग्णालय पंधरा-वीस मिनिटांवर असणे मला मोठा आधार वाटते. पुण्याकडून येताना खंबाटकी घाट उतरून सुरूर फाट्यावरून वाईला वळले की पसरणीचा एकच घाट चढावा लागतो, आणि ज्या मुलाला घाटात उलट्या होतात त्याला पाचगणीच्या पुढचा वळणांचा रस्ता टाळता येतो. शनिवारी आणि रविवारी मात्र पसरणीच्या घाटात गाड्या मुंगीच्या गतीने सरकतात. आम्ही सोमवारी पहाटे साडेचारला ठाणे सोडले आणि शुक्रवारी दुपारी परतलो. त्यासाठी नवऱ्याने आणि मी दोघांनी रजा घेतली. तीन दिवसांच्या जोडसुट्टीत जाण्यापेक्षा ही रजा मला स्वस्त वाटते, कारण भाडेही कमी पडते आणि घरमालकाला आपल्याकडे लक्ष द्यायला सवड असते.

यंदाही त्याच घरी मेच्या दुसऱ्या आठवड्यातले पाच दिवस ठरवले आहेत, तळमजल्यावरची पूर्वेकडची खोली आई आणि माझ्या वडिलांसाठी, वरची आमच्यासाठी. माथेरानही राहिलेले नाही. तिथे आम्ही चौघे दिवाळीच्या सुट्टीत जाणार आहोत, तेव्हा हवाही चांगली असते आणि दस्तुरीपासून बाजारापर्यंतचे अंतर मुलांना आवडीने चालता येते.