२१ फुटी होडीनंतर ३६ फुटी नौका: मुंबई ते पणजी

मुंबई बंदरात बरीच वर्षे २१ फुटी उघडी शिडाची होडी चालवल्यानंतर गेल्या डिसेंबरात आम्ही चौघांनी ३६ फुटी नौका पणजीला नेली. मोठ्या नौकेवरच्या पहिल्या लांब प्रवासासाठी सुमारे २२० सागरी मैलांचा हा मार्ग मी निःशंकपणे सुचवेन. हिवाळ्यात समुद्र बहुधा शांत असतो, दुपारचे खारे वारे वायव्येकडून येत असल्याने दक्षिणेला जाणाऱ्याला पाठीशी लाभतात आणि मुक्कामाला जयगड, विजयदुर्ग अशी खोल बंदरे आहेत.

सर्वांत मोठा फरक वजनाचा आहे. लहान होडी धक्क्यावर आदळू लागली तर पाय लावून थोपवता येते. सहा-सात टनांची नौका मात्र इंजिन बंद केल्यावरही बराच वेळ पुढे सरकत राहते आणि मध्ये आलेला हातपाय चिरडू शकते. मागे घेताना इंजिनाच्या पाण्याखालच्या पंख्याच्या फिरण्यामुळे तिचा मागचा भाग एका बाजूला ओढला जातो. ती बाजू कोणती, हे निघण्यापूर्वीच मोकळ्या पाण्यात एखाद्या बोयाजवळ (तरंगत्या खुणेजवळ) पुन्हा पुन्हा मागेपुढे करून पाहावे. शिडाच्या दोरीवरचा ताणही मुठीत मावणारा नसतो. विंचवर, म्हणजे दोरी ओढण्याच्या फिरकीवर, तीन-चार वेढे असल्याशिवाय ती धरू नये आणि सोडताना वेढ्यांवर तळहात दाबून इंचाइंचाने सोडावी.

खांदेरी-उंदेरी मागे पडल्यावर कोळ्यांची डोल जाळी, म्हणजे पाण्यात एका जागी बांधून ठेवलेली पिशवीसारखी जाळी, लागतात. आमच्या जुन्या होडीचे सुकाणू वर उचलता येत असे, त्यामुळे ती दोरावरून सहज सरकत असे; येथे तळाशी खोल कील (तोल राखणारा वजनदार कणा) आणि मागे पंखा, दोन्ही अडकतात. म्हणून मुरुडपर्यंतचा टप्पा दिवसाउजेडीच करावा आणि एक माणूस सतत पुढे उभा ठेवावा. मचव्यावरच्या कोळीदादांना जाळे कोणत्या अंगाला आहे ते विचारले, की ते हात लांब करून नेमकी दिशा दाखवतात. तो हात कोणत्याही उपकरणापेक्षा भरवशाचा आहे.

आमच्या नौकेला पावणेदोन मीटर पाणी लागते. कोकणातल्या बहुतेक खाड्यांच्या मुखाशी वाळूचा दांडा असल्याने, लहान होडीला सहज उघडी असणारी कितीतरी बंदरे यादीतून गळतात आणि उरलेल्यांतही चढत्या भरतीलाच शिरावे लागते, म्हणजे तळ लागलाच तरी पाणी उचलून घेते. विजयदुर्गात किल्ल्याच्या पश्चिमेला पाण्याखाली भिंत आहे, तेव्हा बुरूज जवळून पाहण्याचा मोह टाळून दूरचे वळण घ्यावे. नांगराची साखळी भरतीच्या खोलीच्या किमान पाचपट सोडावी. मोठ्या उधाणाला मुंबईकडे पाणी चार मीटरहून अधिक चढते, हे ओहोटीला नांगर टाकताना विसरले जाते.

रत्नागिरीच्या पुढे दुपारी वारा वाढला आणि लाटा पाठीमागून येऊ लागल्या. अशा वेळी बूम, म्हणजे शिडाच्या खालचा आडवा दांडा, अचानक दुसऱ्या बाजूला फिरली तर डोक्यावर बसणारा तडाखा जीवघेणा ठरू शकतो, त्यामुळे ती पुढच्या बाजूला दोरीने बांधून ठेवावी आणि शीड वारा वाढण्याआधीच, शक्यतो बाराच्या सुमारास, कमी करावे.

मालवणच्या सिंधुदुर्गाभोवतीचे आणि वेंगुर्ल्यासमोरचे खडक बाहेरून टाळून आम्ही पणजीजवळच्या आग्वादला पोहोचलो. पणजीच्या मांडवी नदीच्या मुखाशीही वाळूचा दांडा आहे, तेव्हा तेथे उजेडात आणि भरतीतच शिरावे. परतीला हेच खारे वारे तोंडावर येतात. त्यामुळे दुपार बंदरात काढून, रात्री उशिरा जमिनीवरून मतलई वारे सुटले की निघावे आणि पहाटेपर्यंत जमेल तेवढे उत्तरेकडे सरकावे. मात्र त्या अंधारात जाळ्यांचे बोये दिसत नाहीत, म्हणून किनाऱ्यापासून बरेच बाहेर राहावे. व्हीएचएफ (नौकेवरचा बिनतारी संच) १६ क्रमांकाच्या चॅनलवर सुरू असावा आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक सर्वांच्या फोनमध्ये असावा.